दोन दिवसांत डेटा सायन्स : नवशिक्या समन्वयकासाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! तुम्ही आत्ताच प्राचार्यांच्या केबिनमधून बाहेर आलात आणि येताना एक कार्यशाळा अंगावर घेऊन आलात. "मुलांसाठी कोडिंग, स्टॅटिस्टिक्स असं काहीतरी घ्या. दोन दिवसांचं. तुम्ही यंग आहात, तुम्हाला जमेल." महाविद्यालयात तरुण असणे हा गुन्हा नाही, पण त्याला शिक्षा आहे. त्यातून तुम्ही तासिका तत्त्वावर असाल तर प्रश्नच मिटला. नाही म्हणता न येणे ही समन्वयकाची पहिली पात्रता, आणि ती तुमच्याकडे नेमणुकीपासूनच आहे.

घाबरू नका. अशा कार्यशाळा राज्यभर होतात आणि सगळ्याच्या सगळ्या यशस्वी होतात. अयशस्वी कार्यशाळेचा अहवाल आजवर कोणी पाहिलेला नाही. फक्त एक नियम पाठ करा. दोन दिवसांत एकाही विद्यार्थ्याच्या पडद्यावर लाल अक्षरांतली ओळ उमटता कामा नये. लाल ओळ म्हणजे एरर. एरर आली की प्रश्न येतो, प्रश्न आला की वेळ जातो, आणि वेळ गेला की जेवणाला उशीर होऊन पाहुण्यांची गाडी चुकते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका नियमाच्या रक्षणासाठी आहेत.

पायरी १ : नाव ठरवणे

नवशिका समन्वयक इथेच पहिली चूक करतो. तो विद्यार्थ्यांना जाऊन विचारतो, "तुम्हाला काय येत नाही?" उत्तरे भलतीच निघतात. बीएस्सीच्या मुलाला फाइल डाऊनलोड केल्यावर ती संगणकात कुठे गेली हे सापडत नाही. एमए अर्थशास्त्राच्या मुलीला एक्सेलमधल्या दोनशे ओळींची सरासरी गावनिहाय काढायची आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पोरांना आलेख हवा आहे, तोही उद्या. या गरजांवर कार्यशाळा बेतली तर तिचे नाव होईल 'फाइल शोधणे, सरासरी काढणे आणि आलेख'. एवढ्या नावाचा फ्लेक्स कोणी छापत नाही.

म्हणून नाव आधी, विषय नंतर. नावात डेटा सायन्स, आर्टिफिशियल इंटेलिजन्स, मशीन लर्निंग, पायथन आणि आर हे पाचही यायला हवेत. क्रम कोणताही चालेल, कारण यातले शेवटचे दोनच उघडले जाणार आहेत आणि त्यातले एक उघडणार नाही. 'हँड्स-ऑन' हा शब्द विसरू नका. हात संगणकावर पडले नाहीत तरी तो फ्लेक्सवर पडला पाहिजे.

कार्यशाळा 'राज्यस्तरीय' ठेवायची की 'राष्ट्रीय', हा पेच पणजीहून किंवा बेळगावहून एक सहभागी आणून सुटतो. तुमच्या मावसभावाचा मित्र दुबईत असेल आणि त्याने ऑनलाइन लिंक उघडली, तर 'आंतरराष्ट्रीय'. त्याने माइक म्यूट ठेवावा एवढीच अट.

पायरी २ : तारीख

सर्वांत योग्य महिना मार्च. अनुदानाचे पैसे ३१ मार्चपूर्वी खर्च करायचे असतात, प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर असतात आणि लॅबमधले चारपैकी दोन पंखे चालू असतात. अशा वेळी येणारे विद्यार्थी हे हजेरीसाठी येतात, त्यामुळे प्रश्न कमी.

काही हौशी मंडळी २९ जूनचा आग्रह धरतात. प्रशांतचंद्र महालनोबिसांचा तो जन्मदिवस, २००७ पासून देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. भावना चांगली आहे. पण जूनअखेर अर्धे प्रवेश व्हायचे असतात, उरलेली मुले गावाकडे पेरणीत असतात आणि कोकणात असाल तर रस्ता असतोच असे नाही. त्या दिवशी प्रतिमापूजन करावे, फोटो काढावा आणि फोटो मार्चच्या कार्यशाळेच्या फायलीला जोडावा.

पायरी ३ : साधनव्यक्ती

फ्लेक्सवर यांना रिसोर्स पर्सन म्हणतात. निवडताना त्यांना काय येते यापेक्षा त्यांचा परिचय किती मिनिटांचा आहे ते पाहावे. दहा मिनिटांच्या खालचा परिचय अशोभनीय. त्यांचे पीपीटी किमान शंभर स्लाइडचे असावे आणि पहिल्या चाळीस स्लाइड इतिहासाच्या. आर ही भाषा रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात घडवली, तिची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. पायथन गीदो व्हान रोसमने १९९१ मध्ये जगापुढे आणली. ही माहिती खरी आहे, सोपी आहे आणि तिने कोणाच्याही पडद्यावर लाल ओळ येत नाही. चाचणीत विचारायलाही बरी.

स्वस्त पर्याय टाळा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाच्या छोट्या चित्रफिती फुकट मिळतात. पायथनच्या आहेत, आरच्या आहेत, अनेक विषयांच्या मराठी आवाजातही आहेत. पडद्याच्या एका बाजूला चित्रफीत, दुसऱ्या बाजूला आपला प्रोग्रॅम. थोडे बघायचे, थांबवायचे, स्वतः करायचे, अशी ती पद्धत. मूल आपल्या वेगाने शिकते. पण मग शाल कोणाला घालणार? मानधनाच्या पावतीवर सही कोणाची घेणार?

पायरी ४ : लॅब

आदल्या दिवशी संध्याकाळी लॅबमध्ये जाऊन सगळे संगणक चालू करून पाहण्याचा मोह होईल. आवरा. पाहिले तर कळेल की चाळीसपैकी एकतीस चालू होतात, प्रत्येकावर पायथनची वेगळी आवृत्ती आहे आणि सॉफ्टवेअर टाकायला लागणारा ॲडमिन पासवर्ड फक्त लॅब असिस्टंटना ठाऊक आहे, जे भाचीच्या लग्नाला गेले आहेत.

समजा पासवर्ड मिळाला. तुम्ही रात्री नऊपर्यंत बसून एकेका मशीनवर आधी आर आणि मग आरस्टुडिओ टाकलात. सकाळी येऊन पाहता तर एकावरही काही नाही. कारण लॅबच्या संगणकांवर डीप फ्रीझ बसवलेले असते. मशीन बंद करून चालू केले की ते पहिल्यासारखे होते. मुलांनी गेम टाकू नयेत म्हणून केलेली ही सोय. ते आधी उतरवावे लागते, आणि त्याचा पासवर्डही लग्नालाच गेलेला असतो.

यावर दोन उपाय सांगितले जातात. एक, इन्स्टॉलर आधीच चार-पाच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवणे. दुसरा, गूगल कोलॅब वापरणे, म्हणजे काही टाकावेच लागत नाही, ब्राउझरमध्येच पायथन चालते. दोन्हींनी काम भागते, म्हणूनच ते टाळावेत. त्याऐवजी सकाळी साडेदहाला साठ जणांना एकदम पायथनचा ॲनाकोंडा संच डाऊनलोड करायला सांगा. कॉलेजचे वायफाय एक आणि फाइल शेकडो एमबीची. निळी पट्टी सहा टक्क्यांवर थांबली की ती जेवणापर्यंत हलत नाही, आणि तोवर कोणालाही एरर येणे शक्य नाही.

पायरी ५ : उद्घाटन आणि वेळापत्रक

वेळापत्रक सुटसुटीत असावे. पहिल्या दिवसाचा नमुना देत आहे, तो जसाच्या तसा वापरता येईल.

९.३० नोंदणी, किट वाटप (फाइल, पेन, दोन कोरे कागद), पोहे.
१०.३० पाहुण्यांची वाट पाहणे.
११.१५ दीपप्रज्वलन. पंखे बंद करणे, समई लावणे, पंखे चालू करणे, समई विझणे, पंखे बंद करणे.
११.३० स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, मनोगते.
१.०० आभार. आभाराला तेरा नावे. शिपाईमामांपासून सुरुवात केली नाही तर दुपारचा चहा येत नाही.
१.३० भोजन.
२.४५ तांत्रिक सत्र : आर आणि पायथनचा इतिहास.
४.०० चहा.
४.१५ प्रात्यक्षिक.
४.२५ समूह छायाचित्र.

छायाचित्रावर तारीख, वेळ, अक्षांश आणि रेखांश उमटले पाहिजेत, नॅकच्या फायलीत तसेच लागते. ते उमटवणारे ॲप सर्व शिक्षकांच्या फोनमध्ये असते आणि सर्वांना उत्तम चालवता येते. कार्यशाळेतले सर्वाधिक काटेकोर डेटा संकलन ते हेच.

पायरी ६ : कोडिंग शिकवणे

दहा मिनिटांचे प्रात्यक्षिक अगदीच टळत नसेल, तर साधनव्यक्तीने स्लाइडवरचा प्रोग्रॅम दाखवावा आणि मुलांनी तो कॉपी-पेस्ट करावा. आता एक सावधगिरी. पॉवरपॉइंट आणि वर्ड ही मोठी सौजन्यशील सॉफ्टवेअर आहेत. तुम्ही सरळ अवतरणचिन्ह टाइप केले की ती स्वतःहून त्याला सुबक बाक देतात. छापायला ते छान दिसते. पायथनला मात्र ते चिन्ह ओळखीचे नाही. मग तिसऱ्या रांगेतून हात वर होतो.

"सर, लाल आलंय."

"जसंच्या तसं केलंय का?"

"हो सर, तुमच्याच स्लाइडवरनं घेतलंय."

"मग मशीन बदल."

मुलगी मशीन बदलते. तिथेही लाल. वास्तविक लाल ओळीत कारण लिहिलेले असते. अवैध अक्षर आले आहे, ते अमुक ओळीत आहे, आणि ते नेमके कोणते हेसुद्धा. तिने ती ओळ सावकाश वाचली असती तर दोन मिनिटांत आपले आपण सुटले असते आणि पुढे जन्मभर उपयोगी पडणारी एक सवय लागली असती. एवढा धोका पत्करू नका. मशीन बदलायला सांगणे केव्हाही सुरक्षित.

परदेशातल्या काही पद्धतींपासून विशेष सावध राहा. ग्रेग विल्सन यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या सॉफ्टवेअर कार्पेंट्रीच्या कार्यशाळांत शिकवणारा स्लाइड दाखवतच नाही. तो सर्वांसमोर एकेक ओळ टाइप करतो आणि मुले त्याच्याबरोबर टाइप करतात. तो चुकला की मोठ्या पडद्यावर त्यालाही एरर येते, आणि ती कशी वाचायची, कशी काढायची हे मुले बघतात. प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या दिलेल्या असतात. काम झाले की एका रंगाची लॅपटॉपला चिकटवायची, अडले की दुसऱ्या. हात वर करून लाजायला नको. मदतनीस रंग बघून येतो. आपल्याकडे हे जमणारे नाही. साधनव्यक्ती शाल पांघरलेल्या अवस्थेत चुकली तर संस्थेची प्रतिष्ठा जाते. शिवाय चिकटचिठ्ठ्यांसाठी तीन कोटेशने मागवावी लागतील आणि लेखा विभाग विचारेल की दोन रंग कशाला.

सर्वांत घातक उदाहरण मात्र परदेशी नाही, देवळालीचे आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर तिथे शाळेत शिकवत. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि मग तिथेच राहता. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिले आणि हे नाव जगभर गेले. या गोष्टीचा प्रोग्रॅम जेमतेम दहा ओळींचा होतो. मुलांना आपापले जन्मवर्ष घालायला सांगितले की गंमत सुरू होते. २००४ वाला दोन पायऱ्यांत पोचतो : ४२०० वजा ००२४ म्हणजे ४१७६, आणि ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. त्याच्याहून वर्षाने लहान असलेल्या २००५ वालीला मात्र पुऱ्या सात पायऱ्या लागतात. लॅबमध्ये आवाज वाढतो. लोक एकमेकांच्या पडद्यात डोकावू लागतात.

आणि तेवढ्यात मागच्या बाकावरचा कोणीतरी आपल्या गाडीचा नंबर घालतो, १११२. त्याचा पडदा शून्यांनी भरत सुटतो. शून्य, शून्य, शून्य, थांबतच नाही. "सर, कापरेकर चुकले."

कापरेकर चुकलेले नसतात. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. कागदावर आपण ०९९९ लिहितो आणि पुढे जातो : ९९९० वजा ०९९९. संगणकाला पुढचे शून्य दिसत नाही. त्याच्या लेखी ही तीन अंकी संख्या. उलटसुलट कशीही मांडा, ९९९ वजा ९९९ शून्यच. इथे लाल ओळही येत नाही. प्रोग्रॅम व्याकरणाने शुद्ध आहे, मुकाट चालतो आहे आणि चुकीचे उत्तर देतो आहे. एरर न येणारी चूक ही एरर येणाऱ्या चुकीपेक्षा वाईट, हे वाक्य शंभर स्लाइडवर छापून जे समजत नाही, ते गाडीच्या नंबराने पाच मिनिटांत समजते. मग संख्या नेहमी चार घरांची करून घ्यायची ही एका शब्दाची दुरुस्ती तो मुलगा स्वतः शोधतो आणि शेजाऱ्याला सांगायला उठतो. जेवणाची घंटा कोणाला ऐकू येत नाही.

तुमच्या लक्षात आले असेल की अशाने वेळापत्रक कोसळते. हा प्रयोग कदापि करू नये.

पायरी ७ : संख्याशास्त्र शिकवणे

दुसरा दिवस आकडेवारीचा. सामग्री म्हणून आयरिसची फुले घ्यावीत. तीन जाती, प्रत्येकी पन्नास, एकूण १५० फुले. एडगर अँडरसन यांनी मापे गोळा केली, रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये वापरली आणि तेव्हापासून ती जगातल्या प्रत्येक कार्यशाळेत फुलतात. आरमध्ये ती आयतीच असतात. आपल्या मुलांपैकी कोणी हे फूल पाहिलेले नसल्यामुळे पाकळीची लांबी चुकीची आली तरी कोणाला संशय येत नाही.

ओळखीची आकडेवारी आणली की मुले बोलू लागतात, हे लक्षात ठेवा. समजा तुम्ही ॲगमार्कनेटवरून लासलगावचे कांद्याचे भाव उतरवून घेतले. तिथे प्रत्येक दिवसासमोर तीन आकडे असतात : किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. निफाडचा मुलगा लगेच सांगेल की कमाल दर एखाद्याच ट्रॉलीला मिळतो, बातमीत तोच छापतात आणि घरी येतो तो सर्वसाधारण. मीन, मोड आणि टोकाची किंमत यांतला फरक त्याला घरच्या पट्टीवरून ठाऊक आहे. फक्त परीक्षेत तो त्याला येत नाही. आता अशा मुलाला व्याख्या पाठ करायला कसे लावणार?

तीच गत पावसाची. सातारा जिल्ह्याची सरासरी काढा म्हणालात तर माण तालुक्यातली मुलगी विचारेल की कोणाची सरासरी? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आगेमागे पडतो, दहिवडीकडे पाचशे पडला तरी लोक समाधानी. दोन्हींच्या मधला आकडा जिल्ह्यात जिथे पडतो तिथे तिचे गाव नाही. प्रश्न बिनतोड आहे आणि उत्तर द्यायला आधी आलेख काढावा लागेल.

आलेख तर मुळीच आधी काढू नये. फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच मांडून सगळ्यांची पंचाईत करून ठेवली आहे. चौघांची सरासरी सारखी, विचलन जवळपास सारखे, सहसंबंध ०.८१६ च्या आसपास सारखा. आलेख काढला की पहिला साधा तिरपा, दुसरा कमानीसारखा वळलेला, तिसऱ्यात एकच बिंदू सगळी रेघ ओढून नेतो आणि चौथ्यात एक सोडून सारे बिंदू एकाच उभ्या रेषेत. हा डेटाही आरमध्ये आयता असतो, नाव टाइप केले की येतो. लपवता येत नाही, पण उल्लेख टाळता येतो.

दुपारी टी-टेस्ट. ती १९०८ मध्ये डब्लिनच्या गिनेस बिअर कंपनीतल्या विल्यम गॉसेट यांनी टोपणनावाने प्रसिद्ध केली. कंपनीचे नाव समारंभात घेऊ नये. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की टाळ्या, वर गेली की 'सॅम्पल वाढवा' एवढे शिकवून थांबावे. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये खास निवेदन काढून सांगितले की नुसत्या या एका रेषेवर निष्कर्ष काढू नका. ते सांगायला बसलात तर चहा थंड होतो.

याच सत्रानंतर पीएचडी करणारे काही जण पेनड्राइव्ह घेऊन तुम्हाला गाठतील. "सर, डेटा गोळा झालाय. याला कुठली टेस्ट लावू?" फिशर यांनी १९३८ च्या सुमारास कोलकात्यात, भारतीय संख्याशास्त्र परिषदेत बोलताना यावर मार्मिक टिप्पणी केली होती : प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे त्याच्याकडून शवविच्छेदन करून घेणे; प्रयोग कशाने मेला एवढेच तो सांगू शकेल. तुम्ही असे काही बोलू नका. कोणतीही टेस्ट सांगा, ते तुमचे नाव ऋणनिर्देशात घालतील.

शेवटचा इशारा. अमेरिकेतल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याची गोष्ट कोणालाही सांगू नये. त्याला वर्गात गृहपाठ होता : एखादा प्रसिद्ध शोधनिबंध घेऊन त्याचे आकडे पुन्हा काढून दाखवायचे. त्याने रेनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांचा २०१० चा निबंध घेतला. कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या नव्वद टक्क्यांवर गेले की देशाची वाढ खुंटते, असा त्याचा निष्कर्ष, आणि काटकसरीची बाजू घेणारे पुढारी तो जागोजाग पुढे करत होते. पोराचे आकडे काही जुळेनात. त्याने मूळ एक्सेल मागवले, तर सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी निवडायच्याच राहून गेलेल्या. त्याखेरीज काही वर्षे गाळलेली आणि देशांना दिलेले वजनही वादग्रस्त. हे सगळे धरून २०१३ मध्ये त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी पुन्हा हिशेब केला, तेव्हा उणे ०.१ टक्के सांगितलेली वाढ २.२ टक्के निघाली. गृहपाठातून! ही गोष्ट ऐकलेला विद्यार्थी उद्या तुमच्या प्रबंधाचे एक्सेल मागेल. ते कुठे आहे, आठवते का?

पायरी ८ : मूल्यमापन आणि प्रमाणपत्र

सुरुवातीला पूर्वचाचणी आणि शेवटी उत्तरचाचणी घ्यावी. प्रश्न तेच ठेवावेत. पहिल्या वेळी मुलांना पायथन कोणी केली हे माहीत नसते, दुसऱ्या वेळी असते. गुणांत झालेली वाढ टी-टेस्टने सिद्ध होते आणि निष्कर्ष लिहिता येतो : 'विद्यार्थ्यांच्या कोडिंग कौशल्यात लक्षणीय वाढ.' कोणी कोड लिहिला का, हा प्रश्न चाचणीत नसल्यामुळे त्याचे उत्तर चुकण्याची शक्यता नाही.

अभिप्रायाचा फॉर्म प्रमाणपत्राच्या आधी भरून घ्यावा. फॉर्म दाखवा, प्रमाणपत्र घ्या. कंटाळलेले पहिल्या दिवशी जेवणानंतर पसार झाले, उरलेल्यांपैकी रागावलेले दुपारी गेले, आणि आता रांगेत उभे आहेत ते प्रमाणपत्रासाठी थांबलेले. पाचपैकी सरासरी ४.८ येईल. पक्षपाती नमुना कशाला म्हणतात हे दोन दिवसांत शिकवायचे राहिले होते, ते उदाहरण इथे तयार आहे. पण आता शिकवायला वेळ नाही, सह्या घ्यायच्या आहेत. प्रमाणपत्रावर नावे छापताना एक्सेलच्या यादीत एक ओळ खाली सरकली तर सर्वांना शेजाऱ्याचे प्रमाणपत्र मिळते. मुले ते आपसांत बदलून घेतात. ही कार्यशाळेतली एकमेव उत्स्फूर्त डेटा दुरुस्ती.

परिशिष्ट : विद्यार्थी शिकू लागल्यास

सगळी काळजी घेऊनही अपघात होतात. साधारणपणे ते असे घडतात. पाहुण्यांची रेल्वे मनमाडला अडकते. फ्लेक्सवाल्याने फ्लेक्स दिलेला नसतो. प्राचार्यांना विद्यापीठात बैठक असते, त्यामुळे समई लावायला कोणी नसते. साठपैकी बावीस मुले येतात. लॅबमध्ये तुम्ही एकटे, आणि करण्यासारखे काही नाही म्हणून तुम्ही फळ्यावर चार अंकी संख्या लिहिता.

या परिस्थितीत पुढील लक्षणे दिसल्यास सावध व्हावे : दोघे एका मशीनवर बसून भांडू लागणे, कोणीतरी लाल ओळ मोठ्याने वाचून दाखवणे, "सर, हे माझ्या मेसच्या हिशेबाला चालेल का?" असा प्रश्न, साडेपाचला दिवे बंद केल्यावर "अजून पाच मिनिटं" अशी विनवणी, दुसऱ्या दिवशी बावीसांचे सव्वीस होणे. हा प्रसार झपाट्याने होतो. आठवड्याभरात कोणीतरी "पुढच्या शनिवारी बसायचं का?" असे विचारते आणि त्याला नाव, बॅनर किंवा मानधन काहीच लागत नाही.

यावर औषध नाही, पण अहवालात त्याची वासलात लावता येते. शनिवारच्या बैठकीला समारोप नव्हता, छायाचित्रावर अक्षांश नव्हते, हजेरीपटावर सह्या नव्हत्या. म्हणजे ती झालीच नाही. आणि त्या दोन दिवसांबद्दल प्राचार्यांच्या टेबलावर जो कागद ठेवायचा, त्याचा मसुदा असा : 'प्रमुख पाहुणे अपरिहार्य कारणास्तव उपस्थित राहू शकले नाहीत. त्यामुळे नियोजित सत्रे होऊ शकली नाहीत. विद्यार्थ्यांचे नुकसान झाल्याबद्दल विभाग दिलगीर आहे. कार्यशाळा पुढील मार्चमध्ये पुन्हा घेण्यात येईल.'